वीज मोजणारा प्लग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बिल आलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. बाबांचं म्हणणं, बोर्डात तसेच राहिलेले मोबाइलचे चार्जर वीज खातात. बायकोचं म्हणणं, फ्रीज १४ वर्षांचा झालाय, तोच बदलायला हवा. दोघंही ठाम, आणि माझ्याकडे आकडा नाही. म्हणून हा प्लग घेतला. तो सॉकेटमध्ये लावायचा, त्यात यंत्राची पिन घालायची. छोट्या पडद्यावर वॅट आणि युनिट दिसतात.

आधी चार्जर. फोन न जोडता लावला तर पडद्यावर शून्य. बाबा म्हणाले, "तुझं यंत्रच मोजत नाही." आक्षेप रास्त होता, इतका कमी भार असले मीटर पकडत नाहीत. मग घरातले पाचही चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावले, तेव्हा ०.४ वॅट दिसले. एकाला ०.०८. वर्षभर २४ तास लावून ठेवला तरी पाऊण युनिटही होत नाही. मीटर चुकला असेल म्हणून दुप्पट धरा, बिलात तरीही दिसणार नाही.

पण बाबांचा संशय वाया गेला नाही. त्यांच्याच सांगण्यावरून सेट-टॉप बॉक्स लावून पाहिला. चालू असताना १४ वॅट, रिमोटने बंद केल्यावर १२! लाल दिवा लागतो, पण आतलं बरंचसं काम चालूच राहतं. महिनाभर कोणी टीव्ही लावलाच नाही, तरी साडेआठ युनिटच्या वर जाणार. त्या दिवसापासून झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो.

सगळ्यात जास्त दिवस गेले फ्रीजवर. पहिल्या संध्याकाळी ११० वॅट, थोड्या वेळाने ३, रात्री एकदम २९०. बायको म्हणाली, "बघ, बिघडलाय." मेकॅनिकने उलगडा केला: तो डीफ्रॉस्टचा हीटर. आतल्या कॉइलवर साचलेलं बर्फ वितळवायला तो काही मिनिटं लागतो, तेव्हा कॉम्प्रेसर बंद असतो. म्हणजे कुठल्याही एका क्षणाच्या वॅटवरून फ्रीजचा खर्च कळतच नाही. १००० वॅट तासभर वापरले की एक युनिट होतं. वॅट हा गाडीचा वेग धरला तर युनिट म्हणजे कापलेलं अंतर. आम्ही भांडत होतो वेगावरून.

मग चार दिवस सलग मोजलं: ६.८ युनिट. दारात कागद धरून ओढला तर अलगद निघून येत होता, म्हणून दाराचं रबर बदललं. पुढचे चार दिवस ५.२. नव्या फ्रीजने आणखी वाचतील, पण त्या बचतीतून त्याची किंमत निघायला आमच्या दराने दहाहून जास्त वर्षं लागतात. बायकोला हे पूर्ण पटलेलं नाही. जुन्याचा रात्रीचा आवाज तिला सहन होत नाही, आणि तो कुठल्या मीटरमध्ये येणार? फ्रीजचा निर्णय अजून बाकी आहे.

वॉशिंग मशीनला गार पाण्यात ०.१२ युनिट लागलं, ४० अंशांवर ०.६. फरक पाणी तापवण्याचा, ड्रम फिरवायला फार लागत नाही.

गीझर मात्र लावू नका. माझ्या प्लगची क्षमता १० अँपिअर आहे, त्यापेक्षा जास्त ओढणारं यंत्र लावलं तर प्लग वितळू शकतो. तिथे हिशेब कागदावर केला: १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट. 'सतत चालू ठेवला तर कमी लागते' असं मीही मानत होतो, ते चूक आहे. पाणी जितका वेळ गरम, तितका वेळ टाकीतून उष्णता बाहेर जात राहते.

तक्रारी दोन. पडद्याला उजेड नाही, खालच्या सॉकेटला टॉर्च धरून वाकावं लागतं. आणि आतला सेल पाचव्या महिन्यात संपला, त्यामुळे वीज गेली की बेरीज पुसली जाते. मी रोज रात्री फोटो काढून ठेवतो.

घेताना तो खरे वॅट दाखवतो का, एवढं बघाच. फक्त व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारे स्वस्त मीटर मिळतात. त्यांचा गुणाकार केला तर बऱ्याच एलईडी दिव्यांचा वापर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि घरात नवाच वाद सुरू होतो.