पणजीतलं डिस्कोर्स अ‍ॅनालिसिसचं दोन दिवसांचं वर्कशॉप – नक्की करा

मागच्या शनिवार-रविवारी केलं, अजून डोक्यात तेच चाललंय. भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिसने 1952 साली डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस हे नाव वापरलं तेव्हा वाक्याच्या पुढे जाऊन आख्खा मजकूर तपासायचा एवढंच होतं, पुढे नॉर्मन फेअरक्लफ वगैरेंनी भाषा आणि सत्ता यांचं नातं त्यात आणलं, हा इतिहास मॅडमनी अर्ध्या तासात उरकला ते बरंच केलं. खरी मजा नंतर. गोव्यातल्या खाणींवरच्या बातम्या दिल्या आणि क्रियापदं बघा म्हणाल्या. 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या, पण आपण सगळे काय बोलतो? "खाणी बंद पडल्या". म्हणजे जणू घड्याळ बंद पडलं! "पडल्या" म्हटलं की कोणी केलं, का केलं, सगळं गायब, आणि "बंद केल्या" म्हटलं की लगेच कर्ता शोधावा लागतो. आमचं घर खाणपट्ट्यातल्या डिचोलीचं, खाणीवर ट्रक होता बाबांचा, हे वाक्य मी हजारदा बोललोय, त्यामुळे ऐकून सुन्नच झालो.

झेरॉक्स मात्र फिक्या, वाचताच येत नव्हत्या, आणि दुसऱ्या दिवशी संभाषणाच्या रेकॉर्डिंगला वेळच उरला नाही. तो भाग तीन तास तरी हवा. पत्रकार, शिक्षक यांनी तर जाच. पाचपैकी साडेचार.