सीलबंद पाकिटातली जुनी हार्डडिस्क

नाशिकमध्ये ज्यांच्याकडे तीन-चार हार्डडिस्कचं नॅस (सगळ्या कॉम्प्युटरनी नेटवर्कवरून वापरायचा साठवणीचा डबा) आहे, मग ते फोटोवाले असोत, सीए असोत की दवाखाने, त्यांनी हे वाचाच.

आमचा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे, गंगापूर रोडला. ऐन लग्नसराईत नॅस रांगायला लागलं. टाइमलाइनवर क्लिप ओढली की सगळं गप्प, मग बऱ्याच वेळाने आपोआप सुरू. दिवे मात्र हिरवेगार. नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. "दादा, तुमचा स्विच गेलाय." नवा नेटवर्क स्विच बसला, फरक शून्य. मग म्हणे रॅम कमी पडतेय. तीही घेतली.

शेवटी पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या मावसभावाने फोनवरून 'आयओस्टॅट' ही कमांड चालवायला लावली; कुठली डिस्क किती वेळात उत्तर देते ते ती दाखवते. तीन डिस्क १०-१५ मिलिसेकंदांत उत्तर देत होत्या, चौथी हजाराच्या वर. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या पद्धतीत, फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटलेले असतात, त्यामुळे एक अडली की बाकीच्या तिच्यासाठी ताटकळतात. डिस्क पूर्ण मेली तर नॅस बोंब तरी मारतं. मरायला टेकलेली डिस्क खराब सेक्टर (साठवणीचा छोटा कप्पा) पुन्हापुन्हा वाचत बसते आणि शेवटी कसाबसा वाचतेही, म्हणून तक्रार कुठेच दिसत नाही. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, १९७ क्रमांकाचा 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा आकडा) शेकड्यात गेला होता. तिथे शून्यच हवं. १९९ क्रमांकाचा, केबलवरच्या चुकांचा आकडा वाढत असता तर आधी केबल बदलून पाहिली असती.

हे दाखवल्यावर हार्डवेअरवाला गडी म्हणाला, "चारही एकाच वेळच्या आहेत, सगळ्याच बदलून टाकू." डिस्क आल्या सीलबंद, बाजारभावापेक्षा जरा स्वस्त, बिल "नंतर देतो". स्मार्टमध्ये वापराचे तास २. पण स्क्रूच्या भोकांभोवतीचा रंग खरवडलेला आणि कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे. कोऱ्या डिस्कला स्क्रू लावला कोणी?

डिस्क सीगेटच्या असल्यामुळे चोरी पकडता आली. त्यांच्यात 'फार्म' नावाचा वेगळा लॉग असतो, आणि डिस्क तपासायच्या 'स्मार्टमॉनटूल्स' या प्रोग्रॅमच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत तो वाचता येतो. त्यात तास निघाले २६ हजारांच्या वर, म्हणजे जवळपास तीन वर्षं अखंड चाललेला माल! २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत हाच प्रकार उघडकीस आला होता. स्मार्टचे आकडे पुसलेले, फार्ममध्ये खरे तास शाबूत. चिया या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमधून त्या डिस्क निघाल्याचा संशय होता. दुसऱ्या कंपनीची डिस्क असेल तर निदान सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते बघा, आणि तोच नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

पैसे परत मागितले तर साहेब कायदा शिकवायला लागले. "धंद्यासाठी घेतलंत ना? मग ग्राहक कायदा लागत नाही." साफ खोटं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. ते कलम आणि लॉगचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतोय हेही कळवलं. संध्याकाळपर्यंत डिस्कचे पैसे खात्यात.

स्विच आणि रॅमचं विचारलं तर उत्तर आलं, "ते तर चालू आहे ना, दादा?"