मिरजेचा तानपुरा, एक पावसाळा गेल्यावर

मिरजेला तानपुरा घ्यायला जाणाऱ्याने एक गोष्ट घरूनच ठरवून जावी, ती म्हणजे आपली पट्टी, आपण ज्या स्वराला सा धरून गातो ती. दुकानात भिंतीला टेकवलेला प्रत्येक तानपुरा गोडच वाजतो, कारण तो त्याच्या पट्टीत लावलेला असतो. तोच दोन स्वर खाली-वर केला की तारांचा ताण बदलतो, घोडीवर (भोपळ्याच्या बाजूला तारा ज्यावर टेकतात तो रुंद तुकडा) तार टेकण्याची जागा सरकते आणि जवारी, म्हणजे घोडी नेमकी घासल्याने तारेला येणारा झंकार, बंद पडते. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या पट्टीत लावून घ्यावा आणि जवारीही त्याच पट्टीत काढून घ्यावी. पुढचा अनुभव काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला लावलेल्या, चार तारांच्या बायकी तानपुऱ्याचा आहे. सांगलीत कृष्णेजवळच्या दमट घरात तो रोज सकाळी वाजतो.

निवडताना नक्षीकडे पाहू नका. पांढऱ्या पट्ट्यांच्या वेलबुट्टीने किंमत वाढते, आवाज नाही. आधी भोपळा पाहा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. जाड, एकसारख्या सालीचा भोपळा बोटाने वाजवला की सगळीकडे सारखाच बोलतो. मध्येच आवाज बसका आला तर तिथे साल पातळ आहे किंवा आतून सांधलेली आहे. बारीक भोकं आणि खाली भुसा दिसला तर कीड आहे, तो सोडून द्या. मग दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या जोडावरून नख फिरवा. फट लागली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती वाढते.

जवारीसाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा. कारागिराला घाई केली की घोडी जास्त घासली जाते, आणि घासलेलं परत येत नाही. तेवढ्या वेळात मीरासाहेबांचा दर्गा पाहून होतो. १९३७ साली वारलेले किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथेच आहे, आणि उरुसाला तिथे गाणं होतं. एरवी शिकलगार म्हणून शस्त्रं घडवणाऱ्या घराण्यांनी पटवर्धनांच्या या संस्थानात तंतुवाद्यं बनवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, ते योग्यच झालं.

पहिले काही आठवडे नव्या तारा ताणत राहतात, स्वर रोज उतरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खुंटीने जवळपास आणायचं आणि उरलेलं घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्याने: मणी लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तिकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मणी पार खाली टेकला असेल तर तो मध्यावर आणून खुंटी पुन्हा पिळावी.

खरी परीक्षा पावसाळ्यात. लाकूड ओल ओढून फुगतं, खुंट्या भोकात आवळतात आणि जोर लावला तर मान पिचते. त्या वेळी खुंटी किंचित बाहेर ओढून, खडूची पूड लावून बसवावी. हिवाळ्यात उलट होतं, खुंट्या आकसून घसरतात; तेव्हाही खडूच. तेल चुकूनही नको, खुंटी कधीच टिकून बसणार नाही.

याच काळात जवारीही बिघडल्यासारखी वाटते. आधी दोरा पाहा. तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवताच झंकार खुलतो, असं बहुतेक वेळा होतं. दोरा सरकवूनही आवाज चपटा, झणझणीत राहिला तर घोडीवर तारेची खाच पडली आहे. तेव्हा मिरजच गाठावी. घरी कानस लावू नये. मुंबई-पुण्याच्या दुकानातून वाद्य घेण्यापेक्षा मिरजेहून घ्यावं, असं मी म्हणतो ते यासाठीच: ज्याने घोडी बसवली त्याच्याच हातून ती पुढेही घासली गेली, तर आवाजाचा पोत टिकतो.

तारा बदलताना एकेकच बदला. घोडी फक्त ताणावर उभी असते. चारही तारा एकदम सोडल्या तर ती जागेवरून हलते. खबरदारी म्हणून तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी झाकणावर, तिच्या पायांच्या खुणा शिसपेन्सिलीने करून ठेवाव्यात. रोज वाजवून झाल्यावर भोपळ्याखाली चुंबळ आणि वर कापसाची गवसणी. प्लास्टिकची नको, आत ओल कोंडते. एसटीतून नेणार असाल तर कडक पेटी लागते. नुसत्या गवसणीत भोपळ्याला एक धक्का पुरेसा होतो.