गुंडाळी की घडी? जखमेत भरायची गॉज निवडताना

वाहतं रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, कुठलं घ्यावं यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. पण टूर्निकेट चालतं हातापायावर. जांघेत, काखेत, मानेच्या बुंध्याशी पट्टा आवळायला जागाच नसते. तिथे जखमेत गॉज, म्हणजे जाळीदार पट्टीचं कापड, ठासायची आणि अंगाचा भार टाकून दाबून धरायचं. (छातीपोटाच्या जखमेत मात्र काही ठासायचं नाही.) म्हणून गॉज कोणती, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

गॉज दोन प्रकारची: एक रक्त गोठवणारं द्रव्य लावलेली, दुसरी साधी. द्रव्य म्हणजे बहुधा केओलिन ही पांढरी माती, नाहीतर कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेलं कायटोसॅन. केओलिन शरीराची स्वतःची गोठण्याची क्रिया लवकर सुरू करतं. कायटोसॅन तिच्यावर फारसं विसंबून नसतं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी काहीजण तेच सुचवतात. पूर्वी झिओलाइट या खनिजाचे दाणे थेट जखमेत ओतायचे, ते इतके तापत की कातडी भाजायची. ते मागे पडले हे बरंच झालं.

कागदावर द्रव्यवाली सरस. तिच्यावर साधारण ३ मिनिटं दाब पुरतो, साध्या गॉजवर १० मिनिटं धरा म्हणतात. १० मिनिटं कोपर ताठ ठेवून, मध्ये एकदाही उचलून न बघता दाबणं किती लांबतं, ते करून बघितल्यावरच कळतं.

मीही आधी द्रव्यवालीच घेतली. ती मिळाली गुंडाळीत, आणि तिथेच माशी शिंकली. तसलीच साधी गुंडाळी घेऊन सरावाला बसलो. फोमच्या ठोकळ्याला भोक पाडलं, आतून नळीने लाल पाणी सोडलं, हातमोजे चढवले. एका हाताची बोटं भोकात दाबून ठेवायची, कारण ती काढली की पाणी वर येतं. उरलेल्या एका हाताने गुंडाळी सोडवायची, टोक शोधायचं आणि आत ढकलायचं. दुसऱ्याच वेढ्याला गुंडाळी निसटली आणि फरशीभर उलगडत टेबलाखाली गेली. मला तिसरा हात हवा होता.

उलटसुलट घडीची गॉज पाकिटातच राहते. पाकीट जखमेशेजारी ठेवायचं. टोक ओढलं की पुढची घडी आपोआप येते, बोटं ती आत सारत राहतात.

आता, द्रव्यवाली गॉजही घडीत मिळते, हे कबूल करायला हवं. खिसा परवानगी देत असेल तर तीच घ्या, मी अडवणार नाही. माझं घोडं अडलं ते महागड्या, मुदतीच्या पाकिटाला हात लावायला जीव होईना म्हणून. दोन वर्षं ते तसंच पडून होतं. साध्या घडीची पाकिटं मी सरावात बिनधास्त फाडली, आणि माझ्या अंदाजाने हाताला वळण लागलं ते त्यामुळेच.

सध्या किटमध्ये साध्या घडीची दोन पाकिटं वरच आहेत, फाडायची खाच बाहेरच्या बाजूला करून. गुंडाळी तळाशी आहे.