नाकाच्या शेंड्यावर चालणारा माऊस : दिवाळीपासूनचा अनुभव

कापसाच्या बंडीवरून पडलो, मानेचा मणका मोडला, त्याला सहा वर्षं झाली. मान हलते, खांद्याखाली काही हलत नाही. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात खाटेवरून हे लिहितो आहे. यातलं एकेक अक्षर डोकं हलवून टिपलं आहे.

सॉफ्टवेअरचं नाव कॅमेरा माऊस. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजात तयार झालं, फुकट मिळतं, विंडोजवर चालतं. वेगळं यंत्र लागत नाही, लॅपटॉपचा कॅमेरा पुरतो. पडद्यावर आपला चेहरा दिसतो, त्यावरची एक जागा कोणीतरी टिपून द्यायची. ती जागा सरकेल तसा बाण सरकतो. बाण थोडा वेळ एकाच ठिकाणी रोखला की क्लिक होतं. वहिनी वावरात जायच्या आधी टिपून देते आणि विचारते, "भाऊजी, धरलं का नाक त्यानं?"

सुरुवातीचे पंधरा दिवस फार वैतागलो. दोष आमच्या खोलीचा होता. खिडकी पाठीमागे, त्यामुळे चेहरा काळा दिसायचा आणि बाण भलतीकडे पळायचा. दादानं खाट फिरवली, उजेड तोंडावर आला, तेव्हा जमलं. मान अर्ध्या तासात भरून येते, मे महिन्यात तर त्याआधीच. बाणाचा वेग वाढवून ठेवा, मान कमी फिरवावी लागते.

मराठीसाठी विंडोजचाच पडद्यावरचा कीबोर्ड वापरतो. 'कास्तकार'मधल्या 'स्त'ला तीन थांबे लागतात : स, पायमोड, त. तरी आपल्या भाषेत आपण लिहितो आहोत, याचं सुख मोठं आहे.

पुतण्यानं नोलंड आर्बॉ या माझ्यासारख्याच खांद्याखाली लुळ्या पडलेल्या अमेरिकन माणसाचा व्हिडिओ दाखवला. "काका, हा तं नुसत्या विचारानं बुद्धिबळ खेळते!" जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीनं त्याच्या मेंदूत यंत्र बसवलं. केसापेक्षा बारीक 64 धागे, त्यांवर 1024 इलेक्ट्रोड. हात हलवायचं मनात आणलं की मेंदूतले संकेत ते टिपतात आणि बाण हलतो. पुढे बरेच धागे मागे सरकले, सॉफ्टवेअर बदलून वेग परत आणावा लागला. यंत्र बसवायच्या आधी तो तोंडात काडी धरून काम करायचा. मीही दातांत पेन्सिल धरून मोबाईल चालवलेला, म्हणून तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

ज्यांची मानही हलत नाही त्यांच्यापर्यंत ते यंत्र लवकर पोचावं, असं मनापासून वाटतं. पण मान शाबूत आहे तोवर मी कवटी उघडू देणार नाही. मान हलत असेल तर आधी कॅमेरा माऊस वापरून पाहा.

या हंगामात बाजार समितीचा कापसाचा भाव मीच पाहू लागलो. पहिल्यांदा सांगितला तेव्हा दादानं भरलेली बंडी दोन दिवस थांबवली. तेव्हापासून बैल जुंपायच्या आधी तो दारात येऊन विचारतो, "आज का म्हणते रे भाव?"