मार्चिंग बँडची ड्रिल: टॅब्लेट घ्यावेत की गळ्यातलं डॉट बुक पुरे?

अमेरिकेत मूल हायस्कूलच्या बँडमध्ये गेलं की आईबापांच्या मागे बूस्टर क्लब, म्हणजे बँडला मदत करणारा पालकांचा गट, लागतो. पैसे गोळा करा, ट्रकमध्ये वाद्यं चढवा, पाण्याचे कॅन भरा. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बैठकीत एक विषय हमखास निघतो: यंदा ड्रिल शिकवायला टॅब्लेट घ्यायचे का? आपल्यातले बरेच जण आयटीतले, त्यामुळे अशा वेळी मराठी हात पटकन वर जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकवणाऱ्यांकडे आणि सेक्शन लीडरकडे (एकेका वाद्याच्या गटाचा म्होरक्या विद्यार्थी) टॅब्लेट जरूर द्या, पण दीडशे मुलांसाठी दीडशे टॅब्लेट घेऊ नका. मुलांच्या गळ्यात डॉट बुकच बरं, म्हणजे मैदानावरच्या आपल्या जागा लिहिलेली छोटी वही.

ज्यांचं मूल यंदाच नववीत गेलंय, त्यांच्यासाठी थोडी ओळख. ड्रिल म्हणजे मैदानावरच्या आकारांची मालिका. एका आकाराला सेट म्हणतात आणि त्या सेटमधल्या आपल्या जागेला डॉट. फुटबॉलचं मैदान १०० यार्डांचं, त्यावर दर ५ यार्डांवर आडवी रेघ. दोन रेघांमध्ये बरोबर ८ पावलं टाकायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, साधारण ५७ सेंटिमीटर. या हिशोबाने मैदान १६० पावलांचं होतं. पुढे-मागे किती, ते साइडलाइन आणि हॅश मार्क (मैदानाच्या लांबीला समांतर असलेल्या छोट्या खुणांच्या दोन ओळी) यांवरून मोजतात. एनसीसीत ‘दाहिने सज’ म्हटल्यावर शेजाऱ्याकडे बघून रांग सरळ करणाऱ्या आपल्या पिढीला हे जरा परकं वाटतं. इथे प्रत्येकाचा पत्ता स्वतंत्र असतो.

तो पत्ता वाचायचा कसा? रेघांना दोन्ही टोकांकडून यार्डांचे आकडे असतात आणि मध्यावर ५० येतो. समजा, सेट १४ मध्ये एका क्लॅरिनेटवालीची जागा आहे ४५ च्या रेघेपासून ३ पावलं बाहेर, म्हणजे मध्यापासून लांब, आणि पुढच्या हॅशच्या ६ पावलं मागे. सेट १५ मध्ये ती ३५ च्या रेघेवर, हॅशच्या २ पावलं पुढे. मध्ये १६ काउंट, म्हणजे ठेके, दर ठेक्याला एक पाऊल. म्हणजे आडवं १३ पावलं आणि उभं ८ पावलं जायचं. तिरकं अंतर सव्वापंधरा पावलांच्या आसपास भरतं, त्यामुळे पाऊल नेहमीपेक्षा किंचित आखूड. बरोबर अर्ध्यावर, आठव्या काउंटला, ती कुठे असायला हवी? ४० च्या रेघेपासून दीड पाऊल बाहेर, हॅशच्या २ पावलं मागे. हा मधला ठिपका ज्या मुलाला तोंडपाठ असतो, तो सरळ रेषेत जातो. बाकीचे आधी वळसा घेतात आणि शेवटच्या चार काउंटांत धावतात.

ॲप हे सगळं क्षणात काढून देतं. बहुतेक ड्रिल डिझायनर ज्या पायवेअर थ्रीडी या ड्रिल रचायच्या सॉफ्टवेअरवर काम करतात, त्याच्याच घरचं यूडीबी ॲप आहे. त्यात मुलाला आपला डॉट, पुढचा डॉट, जायची दिशा, सोबतचं संगीत, सगळं एका जागी दिसतं. डॉट बुकात हेच हाताने लिहायचं. दोऱ्याला बांधलेली छोटी वही, पानावर एक सेट, कोपऱ्यात बाणाने दिशा, खाली मधला ठिपका. शहाणी मुलं शेजारी कोण, हेही लिहून ठेवतात. बँड कॅम्पच्या, म्हणजे उन्हाळी सराव शिबिराच्या, आधी ही वही भरायला एक संध्याकाळ जाते आणि घरात कुरकुर चालते. पण वरचा आकडेमोडीचा खेळ एकदा स्वतः केला की पोराच्या पायात बसतो. ॲपने आयता दिलेला दीड पाऊल बाहेरचा ठिपका वाचला जातो, पुढच्या सेटला विसरला जातो. हे माझं निरीक्षण, यामागे कुठला अभ्यास नाही.

मग टॅब्लेटचं एवढं नाव कशामुळे झालं? त्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडचा मोठा वाटा आहे. १९३६ पासून मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ हा शब्द लिहिणारा हा बँड २०१३ मध्ये कागदाचे तक्ते सोडून आयपॅडकडे वळला. त्याच मोसमात त्यांनी मैदानभर मायकेल जॅक्सनची आकृती उभी करून तिला मूनवॉक करायला लावलं आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. पालकसभेत हे उदाहरण कुणीतरी देतंच. पण ते देताना एक गोष्ट निसटते. विद्यापीठाचा बँड फुटबॉलच्या मोसमात एकामागून एक नवे कार्यक्रम बसवतो. एक शो मैदानावर झाला की लगेच दुसऱ्याचे तक्ते हातात. तिथे छपाई, वाटप, चुकलेलं पान बदलणं, हाच एक उद्योग होऊन बसतो आणि टॅब्लेट तो संपवतो.

आपल्या मुलांच्या हायस्कूलचं तसं नसतं. स्पर्धेत उतरणारा बँड उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत एकच शो घासतो. सात-आठ मिनिटांचा तो शो. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मुलांना डॉट पाठ झालेले असतात आणि मग वही काय, टॅब्लेट काय, दोन्ही दप्तरात. म्हणून निर्णय घेताना पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. डायरेक्टरला, म्हणजे बँडच्या मुख्य शिक्षकाला, विचारा, की मोसमात ड्रिल किती वेळा बदलते? दर आठवड्याला दहा-पंधरा सेट नव्याने लिहिणारा डिझायनर असेल तर टॅब्लेटचं पारडं जड. ऑगस्टमध्ये बसवलेलं ऑक्टोबरपर्यंत तसंच राहणार असेल तर कागद पुरतो.

बदल झाला की कागदाचे हाल होतात, हे मात्र खरं. नवीन पान निम्म्यांना मिळतं, निम्म्यांना नाही, आणि दोन ट्रम्पेट एकाच डॉटवर येऊन एकमेकांकडे बघत उभे राहतात. ॲपवर बदल सगळ्यांकडे एकदम पोचतो. पोचतो म्हणजे, ज्याने मैदानावर येण्याआधी वायफायवर ॲप ताजं केलंय त्याच्याकडे. सराव होतो त्या शाळेच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये नेटवर्क कसं आहे, ते आधी बघून या.

आता ऊन. ही बाब जाहिरातीत नसते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वजनाची हीच. ॲपल आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगतं. ऑगस्टात टेक्ससमध्ये दुपारी पारा बऱ्याचदा ३८ च्या वर जातो आणि सराव बहुधा काळ्या डांबरावर आखलेल्या रेघांवर चालतो. उन्हात दिसावं म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवायचा, त्याने यंत्र आणखी तापतं, बॅटरी उतरते आणि मग पडद्यावर थर्मामीटरचं चित्र येतं: थंड होऊ द्या. सावलीत, पंख्यापाशी पाच-दहा मिनिटं. तोवर डायरेक्टर मैदानाशेजारच्या टॉवरवरून ‘रिसेट’ (परत मागच्या जागी) ओरडून मोकळा झालेला असतो. काळं कव्हर घेऊ नका, गवतावर किंवा डांबरावर पालथा ठेवू नका आणि पाण्याच्या कूलरवर झाकणासारखा तर अजिबात नको. इंडियाना किंवा ओहायोत ऑगस्ट सोसतो, पण ऑक्टोबरात पाऊस गाठतो. डॉट बुकाचं पान प्लास्टिकच्या पाकिटात घातलं की त्याला ऊन-पाऊस काहीच बाधत नाही.

आणि हात? सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला मोठा कर्णा, खांद्यावर घेतलेल्या मुलाने टॅब्लेट धरायचा कशाने? स्नेअर ड्रमवाल्याच्या हार्नेसला एक वेळ क्लिप लावता येते, ट्रॉम्बोनची स्लाइड चालू असताना काही म्हणजे काही लावता येत नाही. कलर गार्डच्या मुली तर झेंडा हवेत फेकतात. टॅब्लेट गवतावर ठेवायचा, सेट चालून बघायचा, परत यायचं, उचलायचा, पुढचा डॉट बघायचा. प्रत्येक फेरीत अर्धा मिनिट गेला तरी तासाभरात किती होतो, ते तुम्हीच मोजा. टेक्ससमध्ये यूआयएलचा (शाळांच्या स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचा) नियम आहे की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला ८ तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही. तिथे मिनिटं खरोखर मोजून खर्च करतात.

आणखी एक दुखणं आहे, ते स्क्रीनमुळे वाढतं. ड्रिल शिकवणाऱ्यांत जुना वाद आहे: डॉट आधी की आकार आधी? आपल्या पत्त्यावर अचूक उभं राहायचं, की शेजारचा अर्धं पाऊल चुकला असेल तर त्याच्याप्रमाणे सरकून वळण गोल ठेवायचं? शिकताना डॉट, सादर करताना आकार, असं बहुतेक जण शेवटी मानतात. प्रेक्षकाला गॅलरीतून वळण दिसतं, कुणाचा पत्ता दिसत नाही. टॅब्लेटवर मात्र आपला ठिपका ठळक रंगात चमकतो आणि मुलाची नजर खाली, त्या ठिपक्यात अडकते. एनसीसीतलं ‘दाहिने सज’ इथे उपयोगी पडतं, फक्त मान न वळवता: डोळ्याच्या कोपऱ्यातून रांग बघणं. ते ॲप शिकवत नाही. डॉट बुकही शिकवत नाही म्हणा, पण ते निदान छातीवर लोंबकळत गप्प बसतं.

शिकवणाऱ्यांच्या हातात मात्र टॅब्लेटला तोड नाही. टॉवरवर उभा असलेला प्रशिक्षक पूर्ण सेट हलता बघू शकतो, एका मुलीवर बोट ठेवून तिचा पत्ता माइकवर सांगू शकतो. मैदानात फिरणारा सहायक आठव्या काउंटला सगळ्यांना थांबवून पडद्यावरचा आकार आणि समोरचा आकार ताडून बघतो. आणि व्हिडिओ! वरून काढलेली चित्रफीत ब्रेकमध्ये सेक्शनला तिथल्या तिथे दाखवली की ‘मी तर डॉटवरच होतो’ हा वाद दहा सेकंदांत मिटतो. कागदाला हे कधीच जमणार नाही. सहा-आठ टॅब्लेट घेऊन एवढं काम होत असेल तर ते पैसे वसूल.

‘मुलांकडे फोन आहेतच की, ॲप त्यांच्यावरच टाकू,’ असं कुणीतरी म्हणेल. खर्चाच्या दृष्टीने ते बरोबरच, आणि फोन बाहीला पट्ट्याने बांधता येतो, हा टॅब्लेटपेक्षा फायदा. पण आता कायदा बघा. इंडियानाने २०२४ मध्ये वर्गाच्या वेळेत फोन वापरायला बंदी घातली. टेक्ससने २०२५ मध्ये त्याहून कडक कायदा केला: शाळेच्या पूर्ण दिवसात स्वतःचा फोन, टॅब्लेट, स्मार्टवॉच काहीच चालत नाही. शाळेने दिलेलं उपकरण चालतं. बँडचा तास बऱ्याच ठिकाणी शाळेच्या वेळेतच असतो, त्यामुळे फोनवरचं ॲप फक्त संध्याकाळच्या सरावापुरतं उरतं. शिवाय प्रत्येकाकडे चांगला फोन असतोच, असं आपण आपल्या वस्तीवरून धरून चालतो. बँडमध्ये सगळ्या वस्त्यांची मुलं असतात.

पैशांचा हिशोब मांडताना टॅब्लेटच्या किमतीवर थांबू नका. त्यावर जाड कव्हर, सगळे टॅब्लेट एकदम चार्ज करणारं चाकांचं कपाट, ॲपची दरवर्षीची वर्गणी, फुटलेली काच आणि ते सगळं सांभाळणारा एक पालक. हा शेवटचा माणूस सगळ्यात महाग, कारण तो मिळत नाही. वह्या, प्लास्टिकची पाकिटं आणि दोरा यांना फार तर एका संध्याकाळच्या पिझ्झाइतका खर्च येतो.

तर बँडनिहाय बघायचं झालं तर असं. स्पर्धेत जाणारा मोठा बँड, डिझायनर सतत ड्रिल बदलणारा: शाळेच्या मालकीचे टॅब्लेट टॉवरवर, सहायकांकडे आणि प्रत्येक सेक्शन लीडरकडे, मुलांना डॉट बुक सक्तीचं, ॲप घरी पाठांतरासाठी ऐच्छिक. साठ-सत्तर मुलांचा छोटा बँड, एकच डायरेक्टर: एक टॅब्लेट आणि एक ट्रायपॉड, बाकी पैसे वाद्यांच्या दुरुस्तीला. दर घरच्या सामन्याला नवा शो करणारा बँड असेल तर प्रत्येक मुलाला ॲप, हे मलाही पटेल. तिथे मी वाद घालणार नाही.

खरेदीआधी एकच चाचणी घ्या. कुणाचा तरी जुना टॅब्लेट मागून आणा, दुपारी दोनला पार्किंग लॉटमध्ये सेक्शन लीडरच्या हातात द्या आणि दहा सेट शिकवायला सांगा. आणि डिझायनरच्या करारात ड्रिलची फाइल किती उपकरणांवर टाकायची परवानगी आहे, ते डायरेक्टरकडून लेखी घ्या. ड्रिल विकत घेतलेली असली तरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकायचा हक्क आपोआप मिळत नाही.