३ एचपीचा व्हीएफडी: ड्राइव्ह चांगला, पण रेझिस्टर वेगळा घ्या

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात लेथवर ३ एचपीचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) दिवाळीत बसवला, आता पावसाळा लागलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. बाकी फीचर सगळ्यांना ठाऊक आहेत. मी घेतला तो एकाच कामासाठी: चक (जॉब पकडून फिरणारा भाग) झटकन थांबवून उलटा फिरवायला.

आमचं काम म्हणजे पितळी जॉबमध्ये बंद भोकात एम१० चे आटे. आधी फॉरवर्ड-रिव्हर्स कॉन्टॅक्टर (मोटर सुलट-उलट फिरवणारे स्विच) होते. पळती मोटर थेट उलट्या फेजवर टाकली की पट्टा किंचाळायचा, करंट स्टार्टिंगच्याही वर जायचा आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडायचे. ड्राइव्ह आल्यावर हे सगळं बंद. पहिले काही दिवस मी येईल त्याला कौतुकाने दाखवत होतो.

मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटायला लागले. डिसेल टाइम (थांबायला लागणारा वेळ) अर्धा सेकंद ठेवलेला, पण चक थांबायला चांगला दीड सेकंद घ्यायचा. ४०० आरपीएमवरून दीड सेकंदात थांबायचं म्हणजे पाच फेरे, १.५ पिचला (एका फेऱ्यात दीड मिलिमीटर पुढे) साडेसात मिलिमीटर. भोकाच्या तळाशी एवढी जागा कोण सोडतो?

सर्व्हिसवाला आला. मोटरला हात लावून म्हणाला, "काका, मोटर जुनी आहे, ५ एचपीचा ड्राइव्ह घ्या." व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही!

खरी गोष्ट अशी. ब्रेक मारताना मोटर जनरेटर होते आणि चकची ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी सर्किटमध्ये) परत येते. ४१५ व्होल्टच्या लाइनवर बस साधारण ५८६ ला असते, रात्री लाइन ४४० झाली की ६२० च्या पुढे. ८०० च्या आसपास ड्राइव्ह ट्रिप होतो. ट्रिप टाळायला ‘ओव्हरव्होल्टेज स्टॉल प्रिव्हेन्शन’ नावाचं पॅरामीटर फॅक्टरीतूनच चालू येतं. बस चढली की ते गुपचूप डिसेल लांबवतं. एरर नाही, दिवा नाही. स्क्रीनवर ०.५ आणि प्रत्यक्षात दीड! बंद करून पाहिलं, तर लगेच ट्रिप.

उपाय ब्रेकिंग रेझिस्टरचा, तो परत आलेली ऊर्जा उष्णता करून घालवतो. ती ऊर्जा रेझिस्टरकडे वळवणारा स्विच, म्हणजे चॉपर, ड्राइव्हच्या आतच आहे, रेझिस्टर मात्र खोक्यात नाही. प्लास्टिकच्या झाकणामागे पी आणि पीबी असे दोन स्क्रू मोकळे पडलेले. विकताना कुणी हे बोललं नाही, बिलात नाही, कोटेशनमध्ये नाही. माझा राग या दोन स्क्रूंवर आहे. लोहार चाळीत जाऊन २०० ओम, ३०० वॅटचा घेतला, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. ओम त्याहून कमी घेऊ नका, चॉपर उडतो. ८०० व्होल्टला तो क्षणभर ३ किलोवॅटच्या वर खेचतो, त्यामुळे पॅनेलमध्ये शेगडीच पेटणार अशी धास्ती होती. संध्याकाळी मशीन बंद करून जाळीवरून हात लावला, तर जेमतेम कोमट. आमच्या स्पीडला एवढंच. हजार आरपीएमवर सारखं थांबवणार असाल तर त्याला मोकळी हवा द्या.

रेझिस्टर लावून ते स्टॉलचं पॅरामीटर बंद केलं आणि अर्ध्या सेकंदात चक खरंच उभा राहतो. अडीच मिलिमीटर. ड्राइव्ह परत करायचा विचार होता, तो सोडला.

आणखी दोन गोष्टी. ज्यांच्या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यांवर चढतो त्यांनी हे करूच नये. झटक्यात ब्रेक लागला की चक सुटून अंगावर येईल. आमचा कॅमलॉक (आट्यांऐवजी खिट्ट्यांनी अडकणारा) आहे. आणि मेन सप्लाय तोडणारं इमर्जन्सी बटण ब्रेक मारत नाही. वीज गेली की चक आपल्या वेगाने फिरत राहतो, पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

चारपैकी अडीच स्टार. व्हिजिट चार्ज परत केला की तीन देतो.